जिमीच्या वाटीत काय होतं

जळोचीच्या त्या घरात माझ्या आधी जिमी होता आणि त्याचा मान माझ्यापेक्षा मोठा होता. हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. अण्णांनी, माझ्या वडलांनी, मला इंदापूरहून एसटीनं आणून सोडलं, मामांच्या ओट्यावर बसून चहा घेतला, आबांच्या पाया पडले आणि परतीची गाडी चुकेल म्हणून घाईनं निघाले. ते वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी फाटकाशी उभी होते. मागं वळले तर दारात शोभामामी उभ्या होत्या, काखेत एक पांढरं, केसाळ गाठोडं धरून. मामी माझ्याकडं बघत होत्या आणि गाठोडंही माझ्याकडंच तोंड करून होतं, पण त्याला मी दिसत नव्हते. दोन्ही बुबुळांवर निळसर साय आली होती. "त्याला आधी हात हुंगू दे, मग आत ये," मामी म्हणाल्या. मी हात पुढं केला. जिमीनं तो बराच वेळ हुंगला, शिंकला आणि तोंड फिरवलं. मामींच्या चेहऱ्यावर समाधानासारखं काहीतरी येऊन गेलं, असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं.

मी दहावी पास झाले होते आणि मला शास्त्र शाखेला जायचं होतं. अण्णांचं इंदापुरात शिलाईचं दुकान होतं, खाली मशीन आणि वर आमचं घर. आईचं म्हणणं, पोरीला बारामतीच्या कॉलेजात घालू, माझा भाऊ तिथंच आहे. आईचा तो एकुलता एक भाऊ, म्हणजे माझे मामा, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. बारामतीला लागूनच्या जळोचीत त्यांनी नवं स्लॅबचं घर बांधलं होतं. पुढं ओटा, मागं ओटा, मागच्या ओट्याला लागून कुणाचा तरी ऊस. शेतातल्या वस्तीवर एकट्यानं राहणाऱ्या आबांना, म्हणजे आईच्या वडलांना, त्यांनी तिथं आणलं होतं. मामा-मामींना मूल नव्हतं. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मामांनी पुण्याहून एक पामेरियनचं पिल्लू आणलं, बायकोला सोबत म्हणून. मामींनी त्याला मुलासारखं वाढवलं, असं म्हटलं तर ते बायका बायकांत कुजबुजून बोलण्यासारखं होतं. म्हणून कुणी म्हणत नसे. मी आले तेव्हा ते पिल्लू म्हातारं झालं होतं.

मामा बोलायला भले, पण घरी कमी. हंगामात तर त्यांची पाळी कधी सुरू होते नि कधी संपते हे मला कधीच उमगलं नाही. माळेगावच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या जायच्या, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लावलेली. ते गाणं लांबून ऐकू आलं की जिमी उठून दाराकडं तोंड करून उभा राही. मामा येतील, असं त्याला वाटे. ट्रॉली निघून जाई, गाणं विरे, तरी तो उभाच. मग मामी त्याला उचलून आणत. स्वयंपाकघरात सकाळ-संध्याकाळ बाजरीच्या भाकऱ्या थापल्याचा आवाज. मामी भाकरी थापताना कधी बोलत नसत. आमच्या इंदापूरच्या घरी मशीन चाललेलं असलं तरी सगळे एकमेकांवर ओरडत बोलायचे. इथं आवाज बाहेरचे होते, घरातले नव्हते. जेवायला मटकीची आमटी, शेंगदाण्याची सुकी चटणी, कांदा. चव उत्तम होती, खोटं कशाला सांगू. पण पहिली भाकरी उतरली की तिचा मऊ पापुद्रा काढून दुधात कुस्करला जाई आणि जिमीच्या पितळी वाटीत पडे. माझ्या ताटात मग उरलेला जाड भाग येई. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मला ते फक्त दिसलं.

त्या म्हाताऱ्या कुत्र्याचं करणं हे एक पूर्ण वेळचं काम होतं. त्याचे बरेचसे दात पडले होते, म्हणून सगळं भिजवून द्यायचं. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिकटा साचे, तो कोमट पाण्याच्या बोळ्यानं पुसायचा. मागच्या पायांत जोर नव्हता. गुळगुळीत फरशीवर तो उभा राहिला की पाय हळूहळू बाजूला फाकत आणि तो बसल्यासारखा खाली जाई. म्हणून मामींनी घरभर जुन्या पोत्यांच्या पट्ट्या अंथरल्या होत्या. त्यावरूनच तो चाले, रेल्वे रुळावरून चालावी तसा. पोटाखालचे केस गाठाळत, ते विंचरताना तो कुरकुरे. रात्री खोके. त्याच्या अंगाला एक आंबूस वास येई, आणि मामी दर आठवड्याला त्याला न्हाऊ घालून, टॉवेलात गुंडाळून, पावडर लावून उन्हात बसवत. हे सगळं त्या एकट्या करत. मी आल्यावर आबा म्हणाले, पोरगी आलीय तर तिला एखादं काम सांगत जा, तिलाबी करमंल. मामींनी बराच विचार केला आणि जिमीची संध्याकाळची वाटी माझ्याकडं दिली. दिली खरी, पण सोडली नाही. मी भाकरी कुस्करत असताना त्या पाठीमागं उभ्या राहत. वाटी खाली ठेवायच्या आधी त्या ती माझ्या हातातून घेत, नाकाजवळ नेत आणि परत देत.

मला वाटायचं, दूध नासलंय का बघतात. मग एके दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि आतून मामींचा आवाज आला. त्या मामांना सांगत होत्या, "पोरगी शिकायला आलीय व्हय? मला काय कळत न्हाय का. आबांना लेकीचं घर हितं आणायचंय. आज नात आली, उद्या सगळं बिऱ्हाड यील." मामा काहीतरी पुटपुटले, ते ऐकू आलं नाही. मी चिमटे हातात धरून तशीच उभी राहिले. त्या दिवसापासून मला त्या घरातल्या प्रत्येक वाक्याच्या मागं दुसरं वाक्य ऐकू यायला लागलं. आबांनी मला उसाचं कांडं सोलून दिलं की मी आधी मामींकडं बघे. मामी माझ्या केसांना तेल लावू का म्हणाल्या, तर मी मनात म्हणे, आता हे कशासाठी. संशय हा पाहुण्यासारखा येतो आणि मग घरातलाच होऊन बसतो. मामींच्या मनातला माझ्या मनात कधी आला ते मला कळलं नाही.

दिवाळीनंतर जिमी आजारी पडला. आधी एकदा ओकला, मग रोज ओकायला लागला. दूध-भाकरी समोर ठेवली की तो वास घेई आणि मान बाजूला करी. शी काळी, डांबरासारखी. मामींनी ओवा दिला, ताक दिलं, दृष्ट काढली. काही फरक पडेना तेव्हा मामांनी डॉक्टर शेख यांना बोलावलं. ते जनावरांचे डॉक्टर, मोटारसायकलला मागं औषधांची पेटी बांधून वाड्यावस्त्यांवर गाई-म्हशी बघत फिरायचे. कुत्रं बघायला त्यांना कोणी क्वचितच बोलवी, पण त्यांनी जिमीला मांडीवर घेऊन असं तपासलं की मामींच्या डोळ्यांत पाणी आलं. पोट दाबलं, हिरड्या बघितल्या, शी कागदावर घेऊन उजेडात नेली. मग इंजेक्शन दिलं आणि हात धुता धुता म्हणाले, "वहिनी, ह्याला रोग न्हाय. ह्याच्या पोटात काहीतरी चुकीचं जातंय, आन रोज जातंय." मामांनी विचारलं, म्हणजे काय. डॉक्टर म्हणाले, काहीही असू शकतं. उंदराचं औषध, उसावर फवारलेलं काही, किंवा माणसाची एखादी गोळी. अंगदुखीची साधी गोळी आपल्याला सोसते, एवढ्याशा म्हाताऱ्या कुत्र्याच्या आतड्याला ती जाळते. असं आणखी चाललं तर मूत्रपिंड जाईल, मग माझ्या हातात काही नाही.

आबा तेव्हा घरी नव्हते. सकाळी ते काठी टेकत कालव्याच्या कडेला जायचे, आपल्या जुन्या रानातल्या उसाला पाणी बसलं का ते बघायला. ऊस वाट्यानं दिलेला होता, तरी रोज जायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून परत आल्यावर मामांनी मोठ्यानं एवढंच सांगितलं की जिमीचं पोट बिघडलंय. आबांनी मान हलवली आणि जिमीच्या डोक्यावरून हात फिरवला.

त्या आठवड्यात आमच्या घरात कोण कोणाकडं कसं बघत होतं, हे मला आजही जसंच्या तसं आठवतं. आधी संशय बाहेरच्यांवर गेला. मागच्या उसाच्या मालकानं कुंपणाशी काही टाकलंय का, म्हणून मामा काठीनं पाचट उलथत फिरले. दूधवाला किटली कुठं ठेवतो, शेजारच्या घरी उंदरांचं औषध कधी आणलं, याची चौकशी झाली. शेजारीण दुखावली आणि तिनं बोलणं सोडलं. बाहेरचं सगळं संपल्यावर संशय उंबरा ओलांडून आत आला. तसं कोणी काही म्हटलं नाही. फक्त मी स्वयंपाकघरात गेले की मामी तिथं यायच्या. मी जिमीजवळ बसले की त्यांना त्याच वेळी त्याला बाहेर न्यायचं असायचं. आणि एका संध्याकाळी मी कॉलेजातून आले, पाय धुऊन आत गेले, तर माझी बॅग जेवायच्या जागी मधोमध ठेवलेली होती. मामा बसलेले, आबा बसलेले. मामींच्या हातात गोळ्यांचं पाकीट होतं.

"ही कसली गोळी हाय?" त्यांनी विचारलं.

ते पाकीट मला आईनं दिलं होतं, दर महिन्याला पोटात कळा यायच्या त्यासाठी. हे मी मामांसमोर आणि आबांसमोर कसं सांगणार होते? आजच्या मुली सांगतील, सांगायलाच हवं. मी नुसती उभी राहिले. चेहरा तापला, तो अपराध्याचाच दिसला असणार. मामींना गोळी ओळखू आली असेल, बाईमाणूस होत्या. पण त्यांनी परत विचारलं नाही, आणि माझ्या वतीनं सांगितलंही नाही. आबा दाराबाहेर बघत राहिले. शेवटी मामा उठले आणि म्हणाले, जाऊ दे, जेवायला वाढ. ते 'जाऊ दे' मला सगळ्यात जास्त लागलं. जे केलेलंच नाही ते कोणी जाऊ देतं का?

आता मला माझा स्वतःचा संशय सांगायला हवा. मला वाटायला लागलं की हे मामीच करतायत. मला घालवण्यासाठी. कुत्र्यावर जीव आहे हे खरं, पण घर जाईल ही भीती त्याहून मोठी असेल तर? मी अंथरुणात पडून हे सगळं जुळवे आणि ते इतकं बरोबर जुळे की मला माझीच भीती वाटे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिमी उठलाच नाही. पोत्याच्या पट्टीवर पडून नुसता धापा टाकत होता. डॉक्टर शेख आले, त्यांनी त्याच्या कातडीखाली सलाइन सोडलं. पाठीवर पाण्याचा फुगा आला. जाताना त्यांनी आम्हा तिघांकडं आळीपाळीनं बघितलं. दुपारी मामा पाळीवर गेले. मामी दळण घेऊन गिरणीवर गेल्या. जाताना त्यांनी मला विचारलं, कॉलेज न्हाय का आज? मी म्हणाले, आहे, निघते. पण मी गेले नाही. त्या गेल्यावर घराला वळसा घालून मागच्या बाजूला, कडब्याच्या गंजीआड जाऊन बसले. मामी परत येऊन काय करतात ते मला बघायचं होतं.

मामी आल्याच नाहीत. थोड्या वेळानं मागचं दार उघडलं आणि आबा ओट्यावर आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं जिमीला छातीशी धरलेलं. त्यांनी त्याला उन्हात ठेवलं, स्वतः कण्हत खाली बसले. मग कनवटीला खोचलेलं पाकीट काढलं, त्यातली एक गोळी दातांनी अर्धी तोडली, आणि गुळाच्या खड्यात दाबून बसवली. जिमी, जो सकाळपासून पाणीही घेत नव्हता, त्यानं त्या मुठीकडं मान वर केली.

मी गंजीआडून धावत गेले आणि आबांचा हात धरला. ते दचकले नाहीत. त्यांना वाटलं मी कॉलेजातून लवकर आले.

"आबा, काय देताय त्याला?"

"औषिद," ते म्हणाले. "माझंच हाय. त्याची मागची तंगडी बघितलीस का, बसताना कशी थरथरती? माझंबी तसंच व्हायचं. ह्या गोळीनं मला आराम पडतो. मुकं जनावर, ते कुणाला सांगणार?"

मी विचारलं, कधीपासून देताय. ते म्हणाले, थंडी पडायला लागल्यापासून, रोज दुपारी, अर्धीच, बारकं जनावर हाय म्हणून. आज त्याला उठताच येईना म्हणून आणखी एक द्यावी असं त्यांच्या मनात आलं होतं. डॉक्टर काय म्हणाले होते ते मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. पहिल्यांदा त्यांना कळलं नाही. परत सांगितलं. त्यांनी गूळ असलेली मूठ मिटली आणि ती मांडीवर ठेवून तिच्याकडं बघत बसले. ऊस सळसळत होता. जिमी सरकत सरकत आला आणि त्यांच्या बोटांवर नाक घासायला लागला, आणि आबांनी हात वर उचलून धरला, उंच, मुलाच्या हाताला लागू नये म्हणून आपण एखादी वस्तू धरतो तसा.

"म्हंजे मीच व्हय," ते म्हणाले. मग म्हणाले, "नंदे, हे आत्ताच कुणाला सांगू नगं. मी माझ्या तोंडानं सांगतो."

मी कबूल केलं. मला तेव्हा इतकं हलकं वाटलं होतं की संध्याकाळपर्यंत सगळं सुटेल अशी माझी खात्री होती. संध्याकाळी मामी गिरणीवरून आल्या, घरात इकडं तिकडं वावरल्या आणि मग त्यांनी जिमीचं अंथरूण, वाटी, पाण्याचं भांडं, सगळं उचलून आपल्या खोलीत नेलं. त्याच्या गळ्यात पट्टा घातला आणि दोरी खाटेच्या पायाला बांधली. "आजपासनं त्याचं मी बघते. कुणी हात लावायचा न्हाय," त्या म्हणाल्या. बोलताना माझ्याकडं बघत होत्या. मी आबांकडं बघितलं. आबा भिंतीला टेकून बसले होते. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशीही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जिमीनं भाताची पेज घेतली. मग ओकणं थांबलं. मग एका सकाळी त्यानं ट्रॉलीवरचं गाणं ऐकून कान टवकारले. मामी हसल्या, मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच बघितलं, आणि मला त्याचा आनंद करता येईना. कारण ज्या दिवशी त्याला माझ्यापासून तोडलं त्याच दिवसापासून तो बरा व्हायला लागला होता. आता कोणाला आणखी काय पुरावा हवा होता? मामांनी माझ्या वाट्याचं बोलणं आणखी कमी केलं. अण्णांच्या दुकानाशेजारच्या किराणा दुकानात फोन होता, तिथं त्यांनी निरोप ठेवला की पोरीला करमत नाही, येऊन घेऊन जा. आबा माझी नजर चुकवत होते. कालव्यावर सकाळी जायचे ते जेवायलाच परत यायचे. ते सांगणार नाहीत, असं मला वाटायला लागलं. आणि मी सांगितलं तर कोण ऐकणार होतं? स्वतःची सुटका करायला म्हाताऱ्यावर ढकलते, असंच म्हणाले असते.

आज माझ्याकडं चिकू नावाची म्हातारी कुत्री आहे, लेकीनं परदेशी जाताना ठेवलेली. बारामतीत आता कुत्र्या-मांजरांचा वेगळा दवाखाना आहे, तिथली तरुण डॉक्टरीण मला चिकूच्या सांध्यांसाठी थेंब मोजून देते. नातेवाईक घरी आले आणि कोणी प्रेमानं तिला काही भरवायला लागलं की मी आधी त्यांची मूठ उघडून बघते. लोकांना ते बरं वाटत नाही. पण मला त्यावर इलाज सापडलेला नाही.

अण्णा आले ते दुपारच्या गाडीनं. खुर्चीच्या कडेवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मेव्हण्याच्या घरून लेकीला परत न्यायला बोलावणं येणं म्हणजे काय, हे त्यांना न सांगता कळलं होतं. मामींनी पाणी दिलं आणि गोड बोलल्या, तिला हितं करमत न्हाय, आईची आठवण येती, लहान हाय अजून. जिमी त्यांच्या पायाशी बसला होता, पट्टा सोडलेला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी बॅग भरून ठेवली होती. आई काय म्हणेल हेच माझ्या डोक्यात होतं. तिचं माहेर त्या बॅगेबरोबर बंद होणार होतं.

तेवढ्यात आबा आतून आले. ते अण्णांच्या समोर खाली बसले, खुर्ची असताना. "पाव्हणं," ते जावयाला म्हणाले, "पोरीनं काय केलं न्हाय. कुत्र्याला गोळी मी घालत व्हतो. माझी गुडघ्याची."

मामा म्हणाले, आबा, तुमी कशाला मधी पडताय. मामी म्हणाल्या, नातीची माया हाय, कळतंय आमाला. त्यांना वाटलं, किंवा त्यांनी तसं दाखवलं, की आबा मला पाठीशी घालतायत. आबांना नीट ऐकू आलं नाही, पण चेहरे त्यांना वाचता येत होते. त्यांनी आणखी काही बोलण्याऐवजी रिकामी मूठ मिटली आणि जमिनीपासून थोडी वर, दुपारी धरायचे तशी धरली. "जिम्या," त्यांनी हळूच हाक मारली.

जिमीला दिसत नव्हतं. पण तो मामींच्या पायाशेजारून उठला, पोत्याच्या पट्टीवरून तुरुतुरु चालत सरळ आबांपाशी गेला, आणि नाकानं त्यांची बोटं एकेक करून उघडायला लागला. मूठ रिकामी होती तरी तो चाटत राहिला. गुळाची सवय सांगत होती ती.

सगळ्यात आधी मामा उठून बाहेर गेले. अण्णांनी टोपी घातली आणि परत काढली. मामी जिमीकडं बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "दाजी, भाकरी खाऊन जावा. ती न्हाय येत. तुमी एकटंच जावा." आणि माझ्याकडं न बघता आत जाऊन काटवट घेतली. थोड्या वेळानं भाकरी थापल्याचा आवाज आला. माफी-बिफी कोणी मागितली नाही. आमच्याकडं तशी पद्धतही नव्हती.

जिमी पुढचा उन्हाळा जगला. आबांच्या गोळ्या मामी स्वतःच्या कपाटात ठेवू लागल्या आणि वेळेवर हातात देऊ लागल्या. जिमीची संध्याकाळची वाटी माझ्याकडं परत आली, आणि वाटीचा वास घेणं बंद झालं. शेवटी शेवटी त्याला धरून उभं करावं लागे, तेव्हा एका बाजूनं मामी आणि एका बाजूनं मी धरत असू, पोटाखालून टॉवेल घालून. तो गेला तेव्हा आबांनी मागच्या ओट्याजवळ खड्डा खणायला घेतला. त्यांना ते झेपेना, तरी त्यांनी फावडं मामांच्या हातात लवकर दिलं नाही.

आबा जाऊन किती काळ लोटला. मामाही गेले. घर त्याच जागी आहे, भोवती ऊस राहिला नाही, इमारती झाल्यात. मामी एकट्या राहतात, आणि मी निवृत्त होऊन बारामतीत आल्यापासून आठवड्यातून एकदा तरी त्यांच्याकडं जाते. मागच्या हिवाळ्यात आम्ही दोघी ओट्यावर मेथी निवडत बसलो होतो. चिकूचा विषय निघाला, तिच्या औषधाचा निघाला, आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते मी विचारून टाकलं. आबांच्या गोळ्या संपत आल्या की मामांना आणायला सांगायच्या त्या मामीच. मग पाकीट लवकर रिकामं होतंय हे त्यांच्या लक्षात कसं आलं नाही?

मामींचे हात थांबले नाहीत.

"तुझी बॅग बघितली तवा न्हाय आलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी आलं. दळण घेऊन गिरणीवर गेले, तितं लाइट न्हवती. बसल्या बसल्या डोस्क्यात चाललं, आन घरी येऊन आबांच्या उशाखाली हात घातला. पाकीट संपत आलं व्हतं."

"म्हणजे त्याला बांधलात त्याच दिवशी."

"म्हून तर बांधला. तुझ्यापासनं न्हाय."

मी विचारलं, मग मला घालवायला का निघालात. त्यांनी एक काडी मोडली आणि बाजूला टाकली. "पोर न्हाय, बाळ न्हाय. सासऱ्यावर बोट ठिवून त्या घरात मी ऱ्हायले कुठं असते? तुझं नाव आधीच निघालं व्हतं. आन तुला इंदापूर व्हतं. तू कधी न कधी जाणारच व्हतीस."

मला राग यायला हवा होता. तो येईल म्हणून मी थांबले. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं. मामींनी निवडलेली मेथी माझ्या ताटातल्या मेथीत ओतली, दोन्ही एकत्र केल्या आणि म्हणाल्या, "आबांनी त्या दिवशी तोंड उघडलं नसतं, तर मी उघडलं असतं का, तेवढं मातर मला इचारू नगंस."

मी विचारलं नाही.